झाडाची जखम व बुंध्यावरील गांठ

गुलाब, द्राक्ष, पीच इत्यादि झाडांच्या बुंध्याशीं, जमिनीलगत, कित्येकदां खडबडीत गांठी आलेल्या दिसतात. त्या एका सूक्ष्म जंतूमुळें होतात असें अमेरिकेंत स्मिथ व टाउन्सेंड यांनीं १९०७ सालीं दाखवून दिलें. ह्या जंतूस ॲग्रोबॅक्टेरियम म्हणतात. तो मातींत राहतो. मग त्या मातींतील सर्वच झाडांस गांठी कां येत नाहींत? ह्या प्रश्नाचें उत्तर शेतकऱ्याच्या उपयोगाचें असल्यामुळें तें आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

झाडास जखम झाली म्हणजे तींतून ॲसिटोसिरिंगोन नांवाचें द्रव्य व कांहीं शर्करा पाझरतात. जंतूच्या आवरणांत ‘व्हिर-ए’ नांवाचें प्रथिन वेशीवरील जागल्याप्रमाणें बसलेलें असतें. ह्या वर्गाच्या प्रथिनांस कायनेज म्हणतात. स्फुरदयुक्त अंश दुसऱ्या प्रथिनास चिकटविणें हें त्यांचें काम. जखमेची वर्दी लागतांच व्हिर-ए हा अंश प्रथम स्वतःस लावून घेतें व मग ‘व्हिर-जी’ नांवाच्या प्रथिनाच्या हवालीं करतें. शिक्का उमटल्यावांचून हुकूम अमलांत येत नाहीं, तसाच हा प्रकार होय. शिक्का मिळालेलें व्हिर-जी जंतूचीं रोगकारक जनुकें जागीं करतें. नंतर जंतु आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशींत घालतो. तो तेथें कायमचा मिसळतो व पेशी बेसुमार वाढूं लागतात. शिवाय त्याच पेशी जंतूस लागणारें अन्नही तयार करून देतात. उष्णमान सुमारें ३२ अंश सेंटिग्रेडच्या वर गेल्यास मात्र हा जागल्या काम करीनासा होतो.

यावरून मुख्य बोध असा कीं, तुकडा एकदां पेशींत मिसळला म्हणजे पुढें जंतु मारले तरी गांठ वाढतच राहते. म्हणून इलाज करावयाचा तो जखमेपूर्वीं किंवा जखमेच्या वेळींच. गांठी असलेलीं रोपें स्वस्त मिळालीं तरी घेऊं नयेत. खुरपणी करतांना बुंध्यास व मुळांस इजा होऊं देऊं नये. छाटणीची कात्री व कलमाचा चाकू प्रत्येक झाडानंतर स्पिरिटनें पुसावा. रोगट झाड मुळांसकट काढून बागेबाहेर न्यावें.

ऑस्ट्रेलियांतील ॲलन कर यांनीं के-८४ नांवाचा निरुपद्रवी जंतु प्रचारांत आणला. लागवडीपूर्वीं रोपांचीं मुळें त्याच्या द्रावणांत बुडविल्यास गुलाब, पीच यांस संरक्षण मिळतें. द्राक्षावरील जंतूवर मात्र तो चालत नाहीं, व आलेली गांठही त्यानें बरी होत नाहीं. तेव्हां द्राक्षबागाइतदारांनीं जखम टाळण्यावरच भिस्त ठेवावी, हें उत्तम.