गोठ्यांतलें पंचांग

सकाळीं दाराशीं दुधाची पिशवी येते. आपण ती कात्रीनें कापतों, दूध पातेल्यांत ओततों आणि तापत ठेवतों. या रोजच्या व्यवहारांत एक साधी गोष्ट आपण विसरून गेलों आहों. ती ही कीं, गाय दूध देते तें वासरासाठीं, आणि जी गाय व्याली नाहीं ती दूधहि देत नाहीं. आपल्या पेल्यांतील दुधामागें कोठल्या तरी गोठ्यांत झालेलें एक बाळंतपण असतें. तें वेळेवर होतें कीं लांबतें, गाय गाभण आहे कीं रिकामी, हा प्रश्न म्हणूनच एकट्या गवळ्याचा नाहीं; दूध पिणाऱ्या घराचाहि आहे. हा विषय दिवाणखान्यांत बोलण्याजोगा नव्हे असें कित्येकांस वाटेल. मीं छत्तीस वर्षें खेड्यांतल्या शाळेंत गणित शिकविलें. या विषयाकडे मी वळलों तो गणितामुळें, आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें. आधीं गणित सांगतों, मग चूक सांगतों.

वर्षाचे दिवस ३६५. गाईचा गर्भकाळ सुमारें २८० दिवसांचा. आपले लोक तो नऊ महिने नऊ दिवस असा तोंडपाठ सांगतात. गाईनें दरवर्षीं एक वासरूं द्यावें अशी अपेक्षा असेल, तर ३६५ मधून २८० वजा करावे, उरले ८५. म्हणजे व्याल्यापासून ८५ दिवसांच्या आंत गाय पुन्हा गाभण राहिली पाहिजे. परंतु हे दिवसहि सगळे हातीं लागत नाहींत. व्याल्यानंतर गर्भाशय पूर्वस्थितीवर येण्यास ४० ते ४५ दिवस लागतात, आणि साधारणतः ६० दिवस थांबावें असा पशुवैद्यांचा सल्ला असतो. आतां राहिले २५. गाय माजावर येते ती सरासरीनें दर २१ दिवसांनीं. तेव्हां या २५ दिवसांत संधि किती मिळाल्या? एक, फार तर दोन. म्हशीचा हिशेब याहून कठीण आहे. तिचा गर्भकाळ सुमारें ३१० दिवसांचा, म्हणजे दहा महिने दहा दिवस. वजाबाकी केली तर ५५ च उरतात. म्हणून म्हशीच्या दोन वेतांतील अंतर तेरा-चौदा महिने राहिलें तरी तें समाधानकारक मानतात.

ती एक संधि तरी किती वेळ टिकते? गाईचा माज साधारण बारा ते अठरा तासांचा असतो. माजावर आलेली गाय हंबरते, अस्वस्थ होते, चारा कमी खाते, दुसऱ्या गाईंवर उडते. आणि दुसरी गाय तिच्यावर उडाली असतां जागच्या जागीं स्तब्ध उभी राहते, ही सर्वांत खात्रीची खूण. योनिमार्गांतून कांचेसारखा स्वच्छ आणि पाकासारखी तार धरणारा स्राव लोंबतो. शेतकरी त्यास सोट किंवा बळस म्हणतात. माज संपल्यावर दहा-बारा तासांनीं बीजकोशांतून बीज सुटतें, आणि तें कांहीं तासच फलनक्षम राहतें. म्हणून सकाळीं माज दिसला तर त्याच सायंकाळीं आणि सायंकाळीं दिसला तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं गाय भरवावी, असा नियम घालून दिलेला आहे. अडचण अशी कीं, माज पुष्कळदां रात्रीं किंवा पहांटे सुरू होतो, आणि त्या वेळीं घर झोपेंत असतें. म्हैस तर उन्हाळ्यांत बहुधा मुका माज दाखविते. ती ओरडत नाहीं, उडत नाहीं, आणि धन्यास वाटतें कीं, ती माजावर आलीच नाहीं.

पूर्वीं कळपांत वळू असे आणि माज ओळखण्याचें काम तोच करी. आतां बहुतेक गोठ्यांत वळू नाहीं. १९४९ सालीं इंग्लंडांत पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या तिघां शास्त्रज्ञांनीं, ग्लिसरीन मिसळलें असतां वीर्य गोठवूनहि जिवंत राखतां येतें, असें दाखवून दिलें. आज तें उणें १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रवायूंत बारीक नळ्यांत भरून वर्षानुवर्षें ठेवतात. आपल्या महाराष्ट्रांत हें ज्ञान खेडोपाडीं नेणाऱ्यांत मणिभाई देसाई यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. १९४६ सालीं गांधीजींबरोबर ते उरुळी कांचन येथें आले, निसर्गोपचाराच्या आश्रमांत राहिले, आणि १९६७ सालीं त्यांनीं ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. तिचे तंत्रज्ञ दुचाकीवर नत्रवायूचें पात्र घेऊन शेतकऱ्याच्या दाराशीं येऊं लागले. सोय मोठी झाली यांत शंका नाहीं. परंतु बोलावल्यावांचून तंत्रज्ञ येत नाहीं, आणि माज पाहिल्यावांचून कोणी त्याला बोलावीत नाहीं. वळूचें काम माणसाच्या डोळ्यांवर येऊन पडलें, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानांत आली नाहीं.

आतां माझी चूक. १९८८ सालीं मीं कर्ज काढून एक संकरित गाय घेतली. वडील तिला सोनी म्हणत. पहिलें वेत चांगलें झालें. पुढें श्रावणांत तिला भरविली. एकवीस दिवस गेले, बेचाळीस गेले. ती उलटली नाहीं. वडील म्हणाले, “मास्तर, गाय राहिली बरं का.” शाळेंत मास्तर झाल्यापासून ते मला याच नांवानें हांक मारीत. मीं मान डोलविली. फाल्गुनांत तिचें दूध आटविलें, वैरणीबरोबर पेंड वाढविली. आईनें खरवसासाठीं वेलदोडे आणून ठेवले. वैशाख उजाडला तरी कास भरेना. शेवटीं पशुवैद्यास बोलाविलें. त्यांनीं हात घालून तपासलें आणि शांतपणें सांगितलें, “गाय रिकामी आहे. गर्भाशयांत पू आहे, आणि तो पुष्कळ दिवसांचा दिसतो.” उपचार केले, पण ती पुन्हा राहिली नाहीं. कर्जाचे हप्ते थांबत नव्हते. आषाढांत वडिलांनीं तिला बाजारांत नेलें आणि आले ते नुसतें दावें घेऊन आले. पुढें तिचें काय झालें तें मीं विचारलें नाहीं, आणि त्यांनींहि सांगितलें नाहीं.

हें असें कां घडावें, तें मला पुष्कळ दिवसांनीं उमगलें. बीज सुटतें त्या जागीं बीजकोशावर एक पिवळी गांठ तयार होते; तिला पीतपिंड म्हणतात. तिच्यांतून प्रोजेस्टेरॉन नांवाचा अंतःस्राव पाझरतो आणि तो आहे तोंवर माज येत नाहीं. गर्भ राहिला नसेल तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय एक द्रव्य रक्तांत सोडतें; त्यानें पीतपिंड विरतो आणि एकविसाव्या दिवशीं माज परत येतो. गर्भ असेल तर तो हा निरोप अडवितो. परंतु गर्भाशयांत पू सांचला असेल, तरीहि हा निरोप जात नाहीं. पीतपिंड तसाच राहतो, माज थांबतो, आणि गाय बाहेरून धडधाकट दिसते. कोठें अपुऱ्या चाऱ्यानें बीजकोशच निजलेले असतात. कोठें माज येऊन गेलेला असतो, पण तो कोणीं पाहिलेला नसतो. माज न येणें ही खूण एक आणि तिचीं कारणें चार. आम्हीं त्यांतलें आपल्याला आवडणारें कारण खरें मानलें.

वस्तुतः शंका फेडण्यास फार कांहीं लागत नाहीं. पशुवैद्य खांद्यापर्यंत हातमोजा चढवितो, गुदमार्गानें हात घालतो आणि आंतड्याच्या पडद्यांतून खालचें गर्भाशय बोटांनीं चांचपतो. गाईच्या गर्भाशयाला दोन शिंगें असतात; त्यांतलें एक मोठें, पातळ भिंतीचें व आंत पाणी भरल्यासारखें लागलें, तर गर्भ आहे. सरावलेल्या हाताला हें साठाव्या दिवसाच्या सुमारास निश्चित सांगतां येतें, आणि काम कांहीं मिनिटांचें असतें. ध्वनिलहरींच्या यंत्रानें, म्हणजे सोनोग्राफीनें, तिसाव्या दिवसाच्या आसपास पडद्यावर गर्भाच्या हृदयाचें स्पंदनहि दिसतें. एकवीस ते चोवीस दिवसांच्या दरम्यान दुधांतील प्रोजेस्टेरॉन मोजतां येतें. तें कमी असेल तर गाय रिकामी हें जवळजवळ नक्की. जास्त असेल तर मात्र ती गाभण आहेच असें म्हणतां येत नाहीं, कारण सोनीच्या दुधांतहि तें जास्तच निघालें असतें. लौकर राहिलेला गर्भ कधीं कधीं आपोआप विरून जातो. म्हणून पहिली तपासणी लौकर केली तरी दोन-तीन महिन्यांनीं ती पुन्हा करावी.

या तपासणीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो प्राण वांचविण्याचा आहे. थांबलेला पीतपिंड विरविण्यासाठीं प्रोस्टाग्लँडिनचें इंजेक्शन मिळतें. त्यानें दोन ते पांच दिवसांत माज येतो. परंतु गाय गाभण असतांना तेंच टोंचलें तर गर्भ पडण्याचा संभव असतो. न तपासतां केलेला उपचार म्हणूनच कित्येकदां रोगाहून वाईट ठरतो.

रिकाम्या जनावराचा खर्च कोण सोसतो, याचें उत्तर मुंबईच्या जुन्या तबेल्यांनीं दिलेलें आहे. भर दुधाच्या म्हशी बाहेरून शहरांत आणीत. तेथें त्यांना भरविणें आणि आटल्यावर महागडी वैरण घालून सांभाळणें परवडत नसे. म्हणून दूध संपलें कीं, पुढें कित्येक वेतें देऊं शकणाऱ्या चांगल्या म्हशी कसायाकडे जात. १९४९ सालीं आरे येथें दुग्धवसाहत वसविली ती हे तबेले शहराबाहेर काढण्यासाठीं. म्हशींत दोष नव्हता. ज्या गोठ्यांत पुढच्या वेताची तजवीज होत नाहीं, तेथें निरोगी जनावरहि भाकड ठरतें.

राहिलेला गर्भ टिकतोच असेंहि नाहीं. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाय गाभडली तर ब्रुसेलोसिसचा संशय धरावा. माणसास चढउतार करणारा दीर्घ ताप आणणारे हे जंतु १८८७ सालीं माल्टा बेटांत डेव्हिड ब्रूस या लष्करी वैद्यानें शोधले. गाईंचा गर्भ पाडणारे त्यांचे भाऊबंद १८९७ सालीं डेन्मार्कांत बर्नहार्ड बांग यांना सांपडले. पडलेला गर्भ किंवा वार उघड्या हातानें उचलणाऱ्यास हा रोग जडतो, आणि कच्चें दूध पिणाऱ्यासहि जडतो. तेव्हां धारोष्ण दुधाची हौस असणाऱ्यांनीं ती आवरावी. दूध नीट उकळलें कीं हे जंतु मरतात. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना याची लस एकदां टोंचतात. २०१९ सालीं केंद्र सरकारनें लाळ्या-खुरकुतीबरोबर या रोगाविरुद्धहि देशव्यापी लसीकरण हातीं घेतलें. घरीं कालवड असेल तर तें वय चुकवूं नये.

सोनी गेल्यावर मीं एक शंभर पानी वही घेतली आणि तींत रकाने आंखले: व्याल्याची तारीख, माजाची तारीख, भरविल्याची तारीख, तपासणीची तारीख. शेवटच्या रकान्यांत विण्याचा अजमासें दिवस. विण्यापूर्वीं दोन महिने दूध आटवावें लागतें, तेंहि त्यावरूनच कळे. त्या वहीनंतर आमच्या गोठ्यांत रिकाम्या गाईला नऊ महिने पेंड घातली गेली नाहीं. रोज मुलांचा हजेरीपट न चुकतां भरणाऱ्या मला ही वही आधीं सुचली नाहीं, याचें मला अजूनहि वाईट वाटतें.

आपणांपैकीं पुष्कळांचें कोणी ना कोणी गांवीं असतें. काका, मामा, आत्या. दिवाळीला गेलां म्हणजे गोठ्याशीं उभे राहून आपण विचारतां, “गाय दूध किती देते?” पुढच्या खेपेस एवढेंच अधिक विचारा, “भरविली कधीं, आणि तपासली कधीं?” उत्तर लगेच आलें नाहीं, तर स्वयंपाकघराच्या भिंतीवरची दिनदर्शिका काढून त्यांच्या हातीं द्या आणि पहिली तारीख स्वतः लिहा.