जपानमधील भाड्याची मोटार आणि आपला परवाना

जपानची सहल ठरली की कळसपासून इंदापूर-बारामतीपर्यंतच्या आमच्या मुलखात एक विधान हमखास कानी पडते: ‘आपले लायसन्स इंग्रजीत आहे, तेवढ्यावर तिकडे गाडी भाड्याने मिळते.’ हे विधान साफ खोटे आहे. आणि त्यावर विसंबून एखादे कुटुंब परमुलखात ऐन वेळी खोळंबण्याचा संभव असल्यामुळे त्याचा समाचार जरा सविस्तरच घेतला पाहिजे.

या समजाचे मूळ शोधण्यास दूर जावे लागत नाही. ब्रिटनमध्ये पाहुण्यास भारतीय परवान्यावर वर्षभर मोटार चालविता येते, आणि तेथे राहून आलेल्या आप्ताचा तो खरा अनुभव गावात पोहोचेपर्यंत साऱ्या जगाचा कायदा होऊन बसतो. परंतु परवाना कोणत्या भाषेत छापला आहे, हे जपानी कायदा विचारीतच नाही. त्यामागे उभय राष्ट्रांनी मान्य केलेला कोणता करार आहे, एवढेच तो पाहतो. तो करार म्हणजे 19 सप्टेंबर 1949 रोजी जिनिव्हा येथे झालेला रस्ते वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार. भारताने तो 1962 साली कायम केला, जपान 1964 साली त्यात सामील झाले, आणि जपानच्या रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम 107-2 अन्वये याच कराराच्या नमुन्यातील आंतरराष्ट्रीय परवाना तेथे ग्राह्य धरला जातो. 1968 च्या व्हिएन्ना करारात जपान सामील नसल्याने त्या नमुन्याचा परवाना तेथे निरुपयोगी ठरतो. योग्य परवान्याविना मोटार चालविणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा 5 लाख येनपर्यंत दंड सांगितला आहे.

‘मग जपानी भाषांतर करून घेऊ’, असे सुचविणारेही भेटतात. ती सवलत स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, तैवान अशा मोजक्या ठिकाणच्या परवान्यांना आहे, भारताच्या नव्हे. इंटरनेटवर खासगी विक्रेते ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ म्हणून जे विकतात, त्यास तर कागदाइतकीही किंमत नाही.

खरा परवाना मिळविणे मुळीच दुर्घट नाही, आणि म्हणूनच या अफवेचा मनस्वी संताप येतो. इंदापूर तालुका बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या, म्हणजे एमएच-42 च्या हद्दीत येतो. ‘सारथी’ या शासकीय संकेतस्थळावर अर्ज करून 1000 रुपये शुल्क भरावे आणि पासपोर्टादी दस्तऐवज जोडावेत. पुस्तिका हाती पडताच तिच्यावर 1949 हे साल आहे ना आणि मोटारीच्या ‘बी’ वर्गापुढे शिक्का उमटला आहे ना, हे कचेरीच्या खिडकीसमोर उभे राहूनच पाहावे. शिक्का केवळ दुचाकीच्या ‘ए’ वर्गापुढे असेल, तर टोकियोतील कारकून चावी देणार नाही. मूळ परवाना आणि पासपोर्टही सोबत लागतात. पुस्तिकेची मुदत एक वर्षाची. मात्र ती आणि जपानमध्ये उतरल्यापासूनचे वर्ष यांपैकी जे आधी संपेल, तेथेच आपला अधिकार संपतो.

मोटारीविना जपानची संस्कृती दिसत नाही, हाही असाच एक समज. क्योटोच्या मंदिरांभोवतीच्या अरुंद गल्ल्यांत मोटार ही निव्वळ अडगळ होय; आणि पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्याच्या धर्तीवर उभारले, ते ओकायामाचे कोराकुएन पाहण्यास रेल्वे आणि ट्राम पुरेशी आहे. मोटारीचे चीज होते ते 1995 साली जागतिक वारसा ठरलेल्या शिराकावा-गोसारख्या डोंगरी भागात, जेथे रेल्वे पोहोचत नाही आणि गवताने शाकारलेली तीव्र उताराची छपरे हिमाचा भार पेलीत उभी असतात. तेथेही मोटार शोगावा नदीपलीकडच्या तळावर ठेवून झुलत्या पुलावरून पायीच गावात शिरणे इष्ट.

जपानी रस्त्यांवरील नियमांविषयीही असेच गैरसमज आहेत. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, हे चूक. आपल्यासारखीच डावीकडून चालतात.

तांबडा दिवा असता डावीकडे वळता येते, हेही चूक; तशी मुभा देणारी खूण नसेल तर थांबलेच पाहिजे.

रेल्वेचे फाटक उघडे असले म्हणजे थेट जावे, हे आपल्याकडील वळण तेथे गुन्हा ठरते; प्रत्येक वाहनाने आधी थांबून दोन्ही बाजू पाहावयाच्या असतात.

हिरवी नळी पेट्रोलची, हा समज सर्वांत महागात पडतो: तेथे साधे पेट्रोल तांबड्या नळीतून, उच्च प्रतीचे पिवळ्या नळीतून आणि डिझेल हिरव्या नळीतून मिळते.