स्वस्त इन्सर्ट : भाव नगाचा की धारेचा?

एटापल्ली तालुक्यात सुरजागडची लोहखाण आहे. पिना, बुश, शाफ्ट अशी लेथची कामं तिच्यासोबत ओघानं आलीच. अशा कामांसाठी कार्बाइड इन्सर्ट घेताना नगाचा नव्हे, धारेचा भाव काढावा. ‘सीसीएमटी’ला २ धारा, ‘सीएनएमजी’ला ४, ‘डब्ल्यूएनएमजी’ला ६. कागदावर शेवटचा सर्वांत स्वस्त. पण ‘सीएनएमजी’, ‘डब्ल्यूएनएमजी’ असे दोन्ही बाजूंनी वापरायचे निगेटिव्ह इन्सर्ट दणकट मशीन आणि ताकदीची मोटर मागतात. हलक्या, ढिल्या लेथवर जॉब थरथरतो; तिथे पॉझिटिव्ह ‘सीसीएमटी ०९टी३०४’च परवडतो. शेवटचे ०४ म्हणजे टोकाची गोलाई ०.४ मिमी. ०८ चं टोक जास्त टिकतं, मात्र बारीक शाफ्टवर लहरी उमटवतं. डबीवर पी म्हणजे पोलाद, एम स्टेनलेस, के बीड.

आता वेग. २५ मिमी शाफ्टला मिनिटाला १२० मीटर वेग द्यायचा तर चक मिनिटाला सुमारे १,५३० फेरे फिरायला हवा. जुन्या लेथला तेवढे झेपत नसतील, तर घासून धार लावलेला एचएसएस टूलच बरा. आणि तो ग्राइंडरवर पुन्हा पुन्हा धारेवर येतो. काटकसर इन्सर्टमध्ये करा, होल्डरमध्ये नको: बैठक झिजली की महागडा इन्सर्टही तुटतो.