पोटातली जाळी काढायची का?

पोटात बसवलेली जाळी काढून टाकावी का, यावर गेले काही महिने आमच्या राऊच्या घरात रोज चर्चा चालली होती. बेंबीच्या हर्नियाचं माझं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. फुगवटा गेला, पण बेंबीच्या डावीकडे बोटभर जागेत एक दुखणं मागे राहिलं. कणीक मळताना, बादली उचलताना, इंदूरला जाताना बस खड्ड्यातून गेली की तिथे टोचतं. मुलगी म्हणे, "आई, काढूनच टाक." हे म्हणत, "एकदा पोट उघडलंय तेवढं पुरे." सासूबाईंना तर पोटात प्लास्टिक ठेवणंच मान्य नाही. आपल्या मंडळात हर्नियाची ऑपरेशनं झालेले बरेच जण आहेत, पण याबद्दल कुणी मोकळेपणी बोलत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

हर्निया म्हणजे आपल्या जुन्या शब्दात अंतर्गळ. बेंबी ही पोटाच्या भिंतीतली जन्मापासूनची कच्ची जागा. बाळंतपणं, वाढलेलं वजन, जुनाट खोकला यांनी ती ताणली जाते आणि आतली चरबी किंवा आतडं तिथून डोकावतं. पूर्वी हे भोक नुसतं टाक्यांनी शिवत. अमेरिकेतल्या विल्यम मेयो यांनी १९०१ मध्ये पदरावर पदर घेऊन शिवायची पद्धत मांडली, ती पुढे कित्येक वर्षं चालली. पण ताणून शिवलेलं उसवतं, हे शिवणकाम येणाऱ्या कुणाही बाईला सांगायला नको. जाळी म्हणजे त्यावरचं ठिगळ. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये ३०० रुग्णांचा अभ्यास आला. त्यांचे बेंबीचे हर्निया १ ते ४ सेंटिमीटरचे होते. नुसत्या टाक्यांनंतर सुमारे १२ टक्के लोकांना हर्निया परत झाला, जाळीनंतर ४ टक्के लोकांना. म्हणजे माझ्या पोटात जाळी उगाच घातलेली नव्हती.

या जाळीच्या गोष्टीत दोन मराठी डॉक्टर भेटले, आणि तेही दोन टोकांना! धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी गरीब रुग्णांसाठी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं निर्जंतुक केलेलं कापड वापरलं आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युगांडात अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. २०१६ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर दोन्हींत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. उलट पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी जाळीशिवाय, रुग्णाच्याच स्नायूवरच्या पडद्याची पट्टी वापरून दुरुस्ती करायची पद्धत २००१ मध्ये मांडली. हे काम मुख्यतः जांघेतल्या हर्नियाचं, त्यामुळे माझ्या बेंबीला त्याचा थेट उपयोग नव्हता. पण वाचून अभिमान मात्र वाटला.

मुलीने मोबाइलवर वाचून दाखवलेल्या बहुतेक भयकथा वेगळ्याच जाळीच्या निघाल्या. गर्भाशय किंवा मूत्राशय खाली सरकतं तेव्हा योनिमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये थांबवली गेली. ते प्रकरण गंभीरच होतं, पण ते बेंबीच्या जाळीचं नव्हे. हर्नियाच्या जाळ्याही सगळ्या निर्दोष नाहीत. 'फिजिओमेश' नावाची जाळी कंपनीने २०१६ मध्ये बाजारातून मागे घेतली. म्हणून आपल्या पोटात नेमकी कोणती जाळी आहे, हे आधी कळायला हवं. माझ्या डिस्चार्ज कार्डावर 'मेश रिपेअर' एवढे दोनच शब्द! जाळीच्या पाकिटावरचं स्टिकर केस पेपरला चिकटवलेलं असतं. त्याची प्रत मिळवायला त्या दवाखान्यात तीन खेपा घालाव्या लागल्या. स्टिकर पाहिलं, जाळी साधी पॉलिप्रॉपिलीनची, तेव्हा कुठे जीव थोडा खाली पडला.

मग दुसऱ्या सर्जनचं मत घेतलं. मी थेट विचारलं, "काढता येईल का?" ते म्हणाले, "आंटीजी, पहले ये तो पता करें कि दर्द जाली का है भी या नहीं।" मला वाटत होतं, जाळी काढली की पोट पूर्वीसारखं होईल. तसं होत नाही. जाळीच्या भोकांमधून काही आठवड्यांत आपलंच मांस वाढतं आणि ती भिंतीत मुरते. काढायची म्हणजे भिंतीचा तुकडाही जायचा, भोक मोठं व्हायचं, हर्निया परत यायचा संभव, आणि जाळी आतड्याला चिकटली असेल तर आतड्याला इजा व्हायची भीती. पहिल्यापेक्षा हे ऑपरेशन मोठं.

तरी काही वेळा ती काढावीच लागते. औषधांनी न हटणारा जंतुसंसर्ग, जखमेतून सतत पू, जाळीने आतड्यात घुसणं, किंवा जाळी गोळा होऊन तीच दुखण्याचं कारण आहे असं सिद्ध होणं. आपल्याकडे दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर कधी कधी क्षयरोगाच्या जंतूंच्या भाऊबंदांचा संसर्ग होतो. तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोकं वर काढतो आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. म्हणून पू आला तर त्याची तपासणी हवीच.

माझ्या बाबतीत सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमध्ये पू नाही, पाणी नाही, हर्नियाही परत आलेला नाही. मग डॉक्टरांनी मला उताणं झोपवलं, दुखऱ्या जागी बोट ठेवलं आणि डोकं उचलायला सांगितलं. पोट ताठ झालं तशी कळ वाढली! आतल्या अवयवाचं दुखणं असतं तर ताठ झालेल्या स्नायूंनी बोटाचा दाब अडवला असता आणि कळ कमी झाली असती. वाढली याचा अर्थ ते पोटाच्या भिंतीतलं, बहुधा टाक्याजवळ दाबल्या गेलेल्या मज्जातंतूचं. त्याच जागी भूल देणारं इंजेक्शन दिलं, आणि त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनी मी न कण्हता अंथरुणावरून उठले. परिणाम काही तासांनी ओसरला, पण दुखण्याचा पत्ता लागला.

आता दोन इंजेक्शनं झाली आहेत. दुखणं निम्म्यावर आलं आहे, पूर्ण गेलेलं नाही. तिसरं गणपतीनंतर. तरीही कळ राहिली तर जाळीला हात न लावता तो टाका किंवा मज्जातंतू मोकळा करता येतो का ते बघू, असं डॉक्टर म्हणतात. जाळी काढणं यादीत सगळ्यात शेवटी. मुलीचं अजून पूर्ण समाधान झालेलं नाही, पण ताप, लाली, पू, परत आलेला फुगवटा, किंवा उलट्यांसह पोट फुगणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, यावर आमच्या घरात एकमत आहे. आणि जाळीच्या त्या स्टिकरचा फोटो आता आम्हा सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे, सासूबाईंच्या सुद्धा.