लक्षण सेम, बग वेगळा

आधी एक दुरुस्ती. मागच्या भागात मी बिनधास्त बोलून गेलो, की एक ठरावीक कडू चव काही माणसांना लागत नाही, काही चिंपांझींनाही लागत नाही, म्हणजे हा फरक दोघांना एकाच पूर्वजाकडून आलाय. तसं नाहीये.

पीटीसी नावाचं एक रसायन आहे. काहींना ते जहर कडू लागतं, काहींना काहीच लागत नाही. १९३९ मध्ये फिशर (हो, तोच, स्टॅटिस्टिक्सवाला!), फोर्ड आणि हक्सली यांनी ते प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींना पाजून पाहिलं. त्यांच्यातही दोन गट निघाले. त्यावरून अंदाज बांधला गेला, की हा फरक माणूस आणि चिंपांझी वेगळे व्हायच्या आधीपासूनचा. मीही तेच वाचून बोललो होतो.

पण २००६ मध्ये वुडिंग आणि सहकाऱ्यांनी जीनच वाचला. टीएएस२आर३८ हा त्याचा नंबर. कडू चव ओळखणारा रिसेप्टर तो बनवतो. माणसात या रिसेप्टरमधली तीन अमिनो आम्लं बदललेली असतात. चिंपांझीत मात्र ‘इथून सुरू कर’ सांगणारा एटीजी हा कोडच बिघडून एजीजी झालाय, त्यामुळे रिसेप्टर अर्धवट बनतो. आमच्या भाषेत, एरर मेसेज सेम, पण बग दोन वेगळ्या लायनींवर, दोन वेगळ्या लोकांनी घातलेला. (आणि कारलं आवडत नाही म्हणून या जीनला शिव्या घालू नका. कडू चवीचे असे साधारण २५ रिसेप्टर आहेत आपल्याकडे.)

मग खरंच सामाईक असं काही आहे का? आहे. पण ते लक्षणावरून नाही, डीएनएवरून ओळखावं लागतं. एकच अक्षर दोन्हीकडे योगायोगाने बदलू शकतं. पण शेजारशेजारची दोन अक्षरं दोन्हीकडे त्याच जोडीने दिसली, तर योगायोग म्हणणं अवघड. २०१३ मध्ये लेफ्लर आणि सहकाऱ्यांना अशा १२५ जागा सापडल्या. प्रतिकारशक्तीचा एचएलए भाग आधीच माहीत होता, तो यात धरलेला नाही. बऱ्याच जागा पेशीच्या बाहेरच्या आवरणावरच्या प्रोटीनांच्या जीन्सजवळ आहेत, आणि जंतू चिकटतात ते तिथेच. जंतू सारखे बदलत राहतात, त्यामुळे कधी एक रूप कामी येतं, कधी दुसरं. म्हणून दोन्ही रूपं लाखो वर्षं टिकली असावीत.

रक्तगटाचं बघा. चिंपांझीत ए आणि ओ असतात. ए खरोखर जुना वारसा आहे. ओ मात्र पुन्हा तोच प्रकार, त्यांचा बिघाड वेगळा, आपला वेगळा.