घंटा होण्यापूर्वी

घंटा होते. बाईंच्या हातात खडू तसाच असतो आणि फळ्यावरचे उदाहरण अर्धवट. "उरलेलं घरून करून आणा," असे सांगून त्या घाईघाईने पुढच्या वर्गाकडे निघतात. नव्याने शिकवू लागलेल्या कितीतरी शिक्षकांचे हे रोजचे दुखणे. तास पुरतच नाही! पण तो जातो कुठे?

बंगळूरच्या एका जुन्या प्रयोगात याचे उत्तर सापडते. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी तिथल्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या साहाय्याने दक्षिणेतल्या काही शाळांत इंग्रजी वेगळ्या रीतीने शिकवून पाहिले. व्याकरणाच्या नियमांऐवजी मुलांपुढे नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रके आली. तासाचे दोन भाग असत. आधी शिक्षक साऱ्या वर्गाला प्रश्न विचारत एक काम तोंडी सोडवून घेत. मग तसेच दुसरे काम प्रत्येक मूल स्वतः करी. निम्म्या वर्गाला निम्मे काम जमले, तर ते योग्य मानले जाई. नाहीतर पुढचे काम सोपे केले जाई.

हा प्रयोग वेळ वाचवण्यासाठी नव्हता. तरीही त्यातली एक गोष्ट कोणत्याही विषयाच्या शिक्षकाला उपयोगी पडेल. तासातला मुलांचा वाटा आधीच बाजूला काढलेला होता. शिक्षकाच्या बोलण्यातून उरला तर तो त्यांना मिळेल, असे नव्हते.

वेळ वाचवण्याच्या नादात शिक्षक नेमकी हीच काटकसर करतात. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा उत्तरे लांबली आणि मागे पडणारी मुलेही बोलू लागली.

म्हणून तासाची आखणी शेवटाकडून करावी. मुलांनी स्वतः करायचे काम आधी ठरवावे, त्याची मिनिटे राखून ठेवावीत आणि उरलेल्या वेळात बसेल तेवढेच समजावून सांगावे. वेळ कमी पडला, तर कोणते उदाहरण गाळायचे, हे घरूनच ठरवून यावे.

असे केले तर पाठ थोडा कमी होईल. पण शेवटच्या बाकावरच्या मुलाला काय समजले नाही, हे घंटा होण्यापूर्वीच कळेल. सहामाहीच्या पेपरात कळून काय उपयोग?