व्हेपचं पाणी : मोजून आणि कुलपात

आमच्याकडे इंग्लंडमध्ये लोक घरी जॅम करतात, केक करतात, काही हौशी मंडळी तर बिअरसुद्धा करतात. पण 'व्हेपचं पाणी'ही घरी तयार करतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही नवलच वाटलं होतं. आता दोन वर्षं झाली, ते आमच्याच घरात तयार होतं आणि मोजमापाचं खातं माझ्याकडे आहे! गेल्या वेळी देशात आले तेव्हा जावा-नणंदांनी त्याबद्दल इतकं खोदून खोदून विचारलं की म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

व्हेप म्हणजे ई-सिगारेट. हॉन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास तिचं आजचं रूप तयार केलं. आत बॅटरी, एक छोटी तार आणि थोडं पाणी. तार तापली की पाण्याची वाफ होते आणि ती ओढायची. काही जळत नाही, त्यामुळे सिगारेटच्या धुरातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात नसतं. मात्र निकोटिन असतं, म्हणजे सवय काही सुटत नाही.

आमच्या ह्यांना वीस-बावीस वर्षांची सिगारेटची सवय. रोजच्या पंधरा-सोळा. बर्फ पडत असला तरी मागच्या दारी उभं राहून ओढायचे. नातू झाला तेव्हा सुनेने शांतपणे पण ठाम सांगितलं, "बाबा, सिगारेट ओढून आल्यावर बाळाला घ्यायचं नाही हं." एवढं वाक्य पुरलं. इथे सिगारेट सोडवायला मदत करणारी सरकारी केंद्रं असतात. तिथल्या बाईंनी ह्यांना व्हेप सुचवली. इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं म्हणणं असं की, सिगारेटपेक्षा व्हेपचा धोका बराच कमी आहे, पण धोका नाहीच असं नाही. आणि जो मुळात ओढत नाही त्याने तिच्या वाटेला जाऊच नये.

पहिले काही महिने हे तयार बाटल्या आणायचे. पण एक तर खर्च, आणि दुसरं म्हणजे ह्यांना निकोटिन हळूहळू कमी करायचं होतं. दुकानात मिळतात ते ठरावीक आकडे. मधला आकडा हवा असेल तर स्वतःच मिसळावं लागतं. तिथून आमच्या घरी हा कारखाना सुरू झाला.

लागतं काय? चारच गोष्टी. पहिली ग्लिसरीन. आपल्या ओळखीचंच, टाचांना लावतो, केकच्या आयसिंगमध्ये घालतो. ते दाट असतं, त्याने वाफ भरपूर येते. दुसरं प्रॉपिलीन ग्लायकॉल. हे पातळ, औषधांत आणि खाद्यपदार्थांतही वापरतात. स्वाद त्यातून चांगला उतरतो आणि घशाला सिगारेटसारखा थोडा ठसका लागतो. लहान यंत्राला दोन्ही निम्मं-निम्मं बरं पडतं. तिसरा स्वादाचा अर्क. आणि चौथं निकोटिन.

इथल्या कायद्यात २०१६ पासून निकोटिनवर बंधनं आहेत. एका मिलीलीटरमध्ये २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त नाही, बाटली १० मिलीलीटरहून मोठी नाही, आणि झाकण लहान मुलाला सहज उघडता येणार नाही असंच हवं. त्यामुळे घरी मिसळणारे बहुतेक जण १८ मिलीग्रॅमची छोटी बाटली आणतात आणि ती बिननिकोटिनच्या पाण्यात मिसळतात.

हिशेब अगदी सरबतासारखा. १० मिलीलीटरच्या त्या बाटलीत १० गुणिले १८, म्हणजे एकूण १८० मिलीग्रॅम निकोटिन. त्यात २० मिलीलीटर साधं पाणी (म्हणजे नळाचं नव्हे हो, ग्लिसरीन-ग्लायकॉलचं मिश्रण!) घातलं की ३० मिलीलीटर झालं, १८० भागिले ३०, म्हणजे ६ मिलीग्रॅम. ५० घातलं तर एकूण ६०, म्हणजे ३ मिलीग्रॅम. ११० घातलं तर दीड. हे आधी १२ वर होते, मग ६, मग ३, आणि गेल्या दिवाळीपासून दीडवर आले आहेत. प्रत्येक आकडा मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. आकडा खाली येतोय हे डोळ्यांना दिसलं की माणसाला हुरूप येतो. नाहीतर नुसतंच 'कमी करतोय, कमी करतोय' चालतं वर्षानुवर्षं!

कृती अशी. आधी ओटा नव्हे, वेगळं टेबल. त्यावर कागद. हातात रबरी मोजे. बिनसुईच्या सिरिंजने मोजायचं, किंवा ग्रॅमचे शंभर भाग दाखवणारा छोटा वजनकाटा घ्यायचा. काटा घेतलात तर एक लक्षात ठेवावं लागतं, ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड, त्याचं एक मिलीलीटर साधारण सव्वा ग्रॅम भरतं. नवशिक्याने पहिल्यांदा १० मिलीलीटरच करावं, तेही निकोटिनशिवाय आणि एकाच स्वादाचं. अर्क अगदी थोडा. किती टक्के घालायचा ते तयार करणारे लिहून देतात. मग बाटली हलवायची, आणि लोणच्यासारखं मुरू द्यायचं. फळांचे स्वाद काही दिवसांत मुरतात, कस्टर्डसारख्या स्वादांना दोन-तीन आठवडे लागतात. बाटलीवर नाव, तारीख आणि निकोटिनचा आकडा लिहिल्याशिवाय ती टेबलावरून हलत नाही, हा माझा नियम.

आता खरं महत्त्वाचं. आपण बायका स्वयंपाकघरातल्या, त्यामुळे पहिला विचार येतो की घरातला व्हॅनिला इसेन्स घातला तर? केवड्याचा अर्क? वेलदोड्याचं तेल? नाही, नाही आणि नाही! जे पोटाला चालतं ते फुप्फुसाला चालेलच असं नाही. पोट पचवतं, फुप्फुस पचवत नाही. तेलाचा अंश फुप्फुसात गेला तर तिथे सूज येऊन न्यूमोनियासारखा आजार होतो. लोण्याच्या वासाचं डायअॅसिटील नावाचं द्रव्य खाण्यात वर्षानुवर्षं वापरलं जातं. पण अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ श्वासातून घेणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांना कायमची इजा झाल्याचं २००० मध्ये उघडकीला आलं. म्हणून इथल्या व्हेपच्या पाण्यात ते घालायला बंदी आहे.

आणि २०१९ ची अमेरिकेतली साथ आठवते? धडधाकट तरुण मुलं धाप लागून दवाखान्यात भरती होत होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०० हून अधिक जण दाखल झाले, ६८ जण गेले. बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेलं, ओळखीपाळखीतून किंवा चोरट्या बाजारातून आणलेलं पाणी ओढलं होतं, आणि त्यात दाटपणासाठी व्हिटॅमिन ई अॅसिटेट मिसळलेलं होतं. त्वचेला लावायच्या क्रीममध्ये निरुपद्रवी असणारी वस्तू! कोणी काय मिसळलंय ते माहीत नसलेली बाटली हातात घ्यायची नाही, हा त्यातला धडा.

निकोटिनचं तर विचारूच नका. ते विष आहे, आणि कातडीतूनही अंगात जातं. सांडलं तर लगेच साबण-पाण्याने धुवायचं. मळमळ, उलटी, घाम, चक्कर, छातीत धडधड असं काही झालं तर वाट न बघता दवाखाना. अमेरिकेत १०० मिलीग्रॅमचं जहाल निकोटिनही विकलं जातं. तिथे न्यूयॉर्क राज्यात २०१४ मध्ये एक वर्षाचं मूल द्रव निकोटिन पोटात जाऊन दगावलं. त्यानंतर २०१६ मध्ये अशा बाटल्यांना लहान मुलांना न उघडणारी झाकणं सक्तीची करणारा कायदा तिथे झाला.

आमचा नातू आता अडीच वर्षांचा आहे. ज्या वस्तूला स्ट्रॉबेरीचा वास, ती त्याच्या लेखी सरबत! त्यामुळे सुनेने आणि मी मिळून घरचा कायदा केलाय. गोड स्वाद आणायचे नाहीत, फक्त पुदिना. सगळं सामान लोखंडी पेटीत, पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर, कुलपाची किल्ली माझ्याकडे. तो घरात जागा असताना मिसळण्याचं काम नाही. ह्यांनी सुरुवातीला कुरकुर केली, पण सून म्हणाली, "बाबा, त्याच्यासाठीच तर सोडताय ना?" मग गप्प!

हे सगळं ऐकून धाकटे दीर फोनवर म्हणाले, "वहिनी, येताना माझ्यासाठी पण दोन बाटल्या आणा की. माझी बिडी सुटेल." मी म्हटलं, "भाऊजी, सुटायला हवी हे खरं, पण हा रस्ता आपल्याकडे नाही." भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही. बंदी असूनही शहरातून चोरून येणाऱ्या यंत्रांत काय भरलंय ते कोण सांगणार? ती कॉलेजच्या पोरांच्या दप्तरात पेनासारखी किंवा पेन ड्राइव्हसारखी दिसतात, म्हणून आयांनी डोळे उघडे ठेवावेत. इथेही फेकून द्यायच्या स्वस्त रंगीत व्हेप मुलांच्या हातात इतक्या गेल्या की सरकारने १ जून २०२५ पासून त्यांची विक्रीच बंद केली. जागतिक आरोग्य संघटनेने तर डिसेंबर २०२३ मध्ये व्हेपमधले सगळे स्वाद बंद करा, असं सांगितलं.

आणि हो, घरी निकोटिन तयार करणं आपल्याला नवीन नाही बरं का! माझी आजी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची. ठसक्याने सगळं घर खोकायचं, पण ती बायकांची, घरातली गोष्ट म्हणून कोणी तिला व्यसन म्हटलं नाही. आजही कितीतरी घरांत सकाळ मशेरीने होते. त्यातही तेच निकोटिन, वर तोंडाच्या कर्करोगाचा धोका. गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं होण्याची भीती. दुर्दैवाने तिचा आकडा कोणी मोजत नाही, आणि डबी कुलपात नाही, देवळीत सगळ्यांच्या हाताशी असते.

मग भाऊजींना काय सांगितलं? सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. तंबाखू सोडायची असेल तर तिथे सल्ला मिळतो. निकोटिनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात असतात, पण डॉक्टरांना विचारून घ्यावेत. आणि दिवसाला किती बिड्या, हे जाऊबाईंनी कॅलेंडरवर लिहायला सुरुवात करावी. पहिल्या आठवड्याचा आकडा बावीस होता. मागच्या रविवारी फोन केला तेव्हा चौदा. मशेरीवाल्या मैत्रिणींनीही दिवसातून किती वेळा डबी उघडते ते आजपासून असंच लिहून बघावं.